तापात पाय न हलविणारे मूल
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे निवेदन)



जमाखर्चाचा तक्ता आपल्या हाती आहेच. त्यात न दिसणाऱ्या एका प्रसंगाविषयी आम्ही बोलू इच्छितो.

गतवर्षी एका शनिवारी सायंकाळी चौदा महिन्यांचे मूल आमच्याकडे आणले गेले. तीन दिवस ताप होता. डावा पाय ते हलवीत नव्हते, लंगोट बदलताना किंचाळत होते. मुरगळ समजून घरच्यांनी तेल लावून चोळले, शेकले. आमच्या खिडकीवर अनामत रक्कम मागितली गेली. वडील पैशांच्या जुळवाजुळवीसाठी मुलासह गावी परतले, ते रविवारी दुपारी आले. खुब्याच्या सांध्यात पू भरला होता.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागावयाची नसते. नियम आम्हांस पाठ होता. परंतु तातडी म्हणजे अपघात, रक्तस्राव, छातीतील कळ, एवढीच आमची समजूत.

आम्ही वाणिज्य शाखेचे. पुढचे डॉक्टरांकडून समजून घेतले. बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू रक्तावाटे हाडाच्या वाढत्या टोकाशी पोहोचतो, कारण तेथे रक्तप्रवाह संथ असतो. खुब्यात हा भाग सांध्याच्या आवरणाच्या आतच असल्याने पू थेट सांध्यात फुटतो. तो कूर्चा झिजवितो आणि दाबामुळे मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठाही तोडू शकतो. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. सोनोग्राफीत मात्र सांध्यातील द्रव दिसतो. नवजात बाळाला तर कधी तापही नसतो. पू काढून सांधा धुणे आणि काही आठवडे प्रतिजैविके, हा उपाय वेळेवर झाल्यास बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. उशीर झाल्यास पाय आखूड राहू शकतो.

ते मूल आता चालते. गोलाची वाढ कशी होईल, हे सांगण्यास डॉक्टर अजून तयार नाहीत. घरी गेलेले तीन दिवस आणि आमच्या खिडकीमुळे गेलेली रात्र यांची वजाबाकी आम्हांस करता आलेली नाही.

आता खिडकीवर एक कागद लावला आहे: हात वा पाय न हलविणारे मूल, ताप असो वा नसो, प्रथम डॉक्टरांकडे, पैशांचे नंतर. रात्रपाळीच्या लेखनिकांकडून तो वाचून घेतला जातो. त्या मुलाचा पुढील एक्स-रे दिवाळीनंतर आहे. खर्च निर्धन रुग्ण निधीतून होईल.