आजी दिसते, पण ऐकू येत नाही

हेडफोन लावून ऐकत असाल तर आज मधेच एकदा काढायला सांगणार आहे, तयारीत राहा.

आजचा विषय वायरिंगचा आहे. कॅमेऱ्याला बाहेरचा स्टिरिओ माइक कसा जोडायचा. बोअर वाटेल असं वाटतंय ना? मलाही वाटलं असतं. पण या एका वायरीपायी माझ्या घरातला एक आवाज जवळजवळ गेलाच होता, म्हणून सांगतो.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्यापासून जवळ. मार्कंडा म्हणजे वैनगंगेच्या काठावरचं ते जुनं कोरीव देऊळ, ज्याला लोक विदर्भाचं खजुराहो म्हणतात. नदी तिथे वळून उत्तरेकडे वाहते. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते आणि आमचं सगळं खानदान तेव्हा गावी जमतं. माझी आजी आणि तिची मोठी बहीण, दोघी रोवण्याची गाणी म्हणायच्या. आमच्याकडे धानाचा पट्टा, आषाढ-श्रावणात चिखलात वाकून रोवणा करताना बायका गातात ती गाणी. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची.

तीन वर्षांपूर्वी जत्रेनंतर दोघींना सपरीत बसवलं. व्हिडिओ कॅमेरा स्टँडवर. कॅमेऱ्याच्या आतल्या माइकवर माझा भरवसा नव्हता, तो झूमच्या मोटरची घरघरही टिपतो. म्हणून गावातल्या मंडपवाल्याकडून त्याचा हातात धरायचा माइक मागून आणला. त्याच्या मागे तीन पिनांचा एक्सएलआर सॉकेट. कॅमेऱ्याला 3.5 मिलिमीटरचं भोक. मधली वायर मी शहरातून तयार आणली होती. लावली, दोन्ही मीटर हलले, डावा पण आणि उजवा पण. हेडफोनवर आवाज जरा विचित्र, डोक्याच्या मागून आल्यासारखा. मी मनात म्हटलं, वा, हाच तो स्टिरिओ!

हो, बीटेक झालोय मी. हसा.

पाऊण तास रेकॉर्ड केलं. संध्याकाळी आजीच्या साध्या फोनवर व्हिडिओ टाकला, एकच स्पीकरवाला फोन. लावला तर नुसती बारीक सूं-सूं. तोंडं हलतायत, आवाज नाही. आजी म्हणाली, "मी तं दिसतो, मंग माजा आवाज कुटी गेला?"

आता हे झालं कसं ते बघा. तीन पिनांच्या माइकमध्ये पिन 1 म्हणजे ग्राउंड. पिन 2 आणि 3 वर एकच आवाज असतो, पण उलटा: एकावर लाट वर जाते तेव्हा दुसऱ्यावर खाली. मोठ्या मिक्सरमध्ये हे मुद्दाम केलेलं असतं, कारण तो दोघांतला फरक घेतो आणि वाटेत घुसलेली खरखर त्यात कटते. पण कॅमेऱ्याच्या स्टिरिओ पिनेचं गणित वेगळं. त्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, म्हणजे तीन भाग. टोक म्हणजे डावा चॅनल, मधली रिंग उजवा आणि मागचा भाग ग्राउंड. माझ्या वायरीत पिन 2 टोकाला आणि पिन 3 रिंगला जोडलेली होती. म्हणजे डाव्या कानात आजी, उजव्या कानात उलटी आजी. हेडफोनवर दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात म्हणून चालून गेलं. एका स्पीकरच्या फोनने दोघांची बेरीज केली आणि बेरीज शून्य. जी सूं-सूं उरली ती कॅमेऱ्याची स्वतःची.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. फाइल खराब झाली असं धरून चाललो. पुढच्या वर्षी परत करू म्हटलं. त्या पावसाळ्यात मोठ्या आजीला लकवा मारला. ती आहे, पण आता बोलणंच जड जातं, गाणं लांब.

नशीब की फाइल डिलीट केली नव्हती. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर, त्यात स्टिरिओ ट्रॅक फोडला, उजव्या भागावर 'इन्व्हर्ट' चालवलं, दोन्ही भाग मोनो केले आणि मिसळले. दहा सेकंदांचं काम. दोन्ही आज्या परत आल्या. आवाज दुप्पट झाला आणि खरखर तेवढी वाढली नाही, कारण दोन्ही चॅनलची खरखर आपापली असते. फक्त एक गोष्ट कधीच येणार नाही: कोण डावीकडे बसली होती, कोण उजवीकडे. माइकच एक होता, स्टिरिओ त्यात नव्हताच.

मग खरा स्टिरिओ कसा करायचा? मी केला तो सांगतो. इलेक्ट्रेटच्या दोन छोट्या कॅप्सूल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतात. 1962 मध्ये बेल लॅब्समधल्या गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी हा प्रकार काढला. कॅप्सूलच्या मागे दोन ठिपके असतात. जो ठिपका बाहेरच्या पत्र्याला जोडलेला दिसतो तो ग्राउंड. दोन्हींचे ग्राउंड एकत्र करून पिनेच्या मागच्या भागाला जोडा. एकीचा दुसरा ठिपका टोकाला, दुसरीचा रिंगला. वायर जाळीवाली घ्या, आत दोन तारा असलेली, आणि फार लांब नको. तीन-चार मीटर ठीक. सोल्डरिंग करताना इस्त्री धरून बसल्यासारखं करू नका, टेकवा आणि उचला. माझ्या पहिल्या दोन कॅप्सूल अशाच भाजल्या.

या कॅप्सूलना थोडी वीज लागते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माइक सॉकेटमध्ये ती येतेच, मेन्यूत 'प्लग-इन पॉवर' असेल तर चालू करा. तिथेच आवाजाचं 'ऑटो' बंद करता येत असेल तर करा. नाहीतर गाणाऱ्याने श्वास घेतला की मागचा पंखा वर येतो. फोनच्या हेडसेटची पीन तीन रेघांची असते, ती कॅमेऱ्यात तशीच घालू नका, जोडणी वेगळी आहे.

दोन्ही कॅप्सूल साधारण दोन कानांएवढ्या अंतरावर, मधे आडोसा. मी जुन्या स्पंजच्या चपलेचा तळ लावलाय. दिसायला भयाण, कामाला छान. नदीकाठी जाणार असाल तर वर केसाळ कापड हवंच, वैनगंगेचा वारा माइकला सोडत नाही. आणि देवळाच्या आवारात स्टँड लावायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी, ते संरक्षित स्मारक आहे.

झाडीपट्टीच्या नाटकाला गेलात, वडसा भागात रात्रभर चालतात ती, तर मिक्सरची वायर थेट कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटला देऊ नका. तो सिग्नल कितीतरी मोठा असतो, आवाज फाटतो. मधे तो कमी करणारी वायर लागते.

आता चाचणी. डाव्या कॅप्सूलवर हलकी टिचकी मारा, डावाच मीटर जास्त उडाला पाहिजे. मग अर्धा मिनिट रेकॉर्ड करून फोनवर घ्या, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' चालू करा आणि ऐका. बोलणं पातळ झालं किंवा गायब झालं तर कुठेतरी तारा उलट्या आहेत. माणसं उठून जायच्या आधी हे करा.

यंदा शिवरात्रीला परत सपरीत माइक लावला. आजी तिच्या नेहमीच्या जागी, उजवीकडे. डावीकडे खाटेवर मोठी आजी. आजीने ओळ टाकली आणि सवयीने थांबली.

आता हेडफोन काढा. पुढचं मिनिटभर फोनच्या स्पीकरवर ऐका, मग परत हेडफोन लावून ऐका. डाव्या कानात काय येतंय ते मला कळवा.