खेळ शिकवणाऱ्याचे शिक्षण



खेळ शिकवणारी माणसे कशी तयार करावीत, हा आजचा विषय. ती नुसत्या व्याख्यानाने तयार होत नाहीत, हे व्याख्यान देऊनच सांगण्याची पाळी माझ्यावर आली आहे!

आपल्या वऱ्हाडाला हा विषय परका नाही. १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी अमरावतीस ज्या संस्थेचा पाया घातला, तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपास आली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. हे कसब मातीत उतरूनच येते. तालमीत जुना पठ्ठ्या नव्याला डाव दाखवतो आणि वस्ताद दोघांवरही नजर ठेवतो. दाखवता दाखवता जुन्याचाच डाव पक्का होतो. १९६१ साली पतियाळास राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली आणि मार्गदर्शक घडवणे हे स्वतंत्र शास्त्र ठरले. तरी तालमीतले हे मर्म विसरून चालणार नाही.

खो-खोचेच उदाहरण घ्या. बसलेला मुलगा खो मिळण्यापूर्वीच उठतो. फळ्यावर नियम लिहून घेतलेला शिक्षक ओरडतो, “लवकर उठू नकोस!” मुलगा पुन्हा उठतोच. का बरे? कदाचित त्याचे कान खो कडे नसून डोळे पळणाऱ्याकडे असतील. कदाचित खो देणाऱ्याचा आवाजच पोचत नसेल. हे कारण पुस्तकात सापडत नाही.

म्हणून शिबिरात शिक्षकांनाच आळीपाळीने मुले शिकवावयास द्यावीत. एकाने दहा मिनिटे शिकवावे, बाकीच्यांनी पाहावे. मग प्रथम शिकवणाऱ्याने स्वतः सांगावे की काय साधले आणि काय राहिले. नंतर इतरांनी बोलावे, आणि त्याच शिक्षकाने तोच भाग लगेच पुन्हा शिकवून पाहावा. जाणत्याने शेजारी उभे राहावे, कारण मुलांच्या हातापायांवर प्रयोग करण्याचा अधिकार कोणालाच नाही. नियम, शरीराची रचना, प्रथमोपचार हे सांगावेच लागते. पण ऐकलेले मैदानावर उतरले नाही, तर ते वहीतच राहते.

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. चारचौघांत बोलणी खाल्लेली मुलगी दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही, आणि ती आपल्यापैकीच कोणाची तरी असते. तेव्हा आपल्या शाळेतले गुरुजी शिबिराहून परततील, त्या वेळी प्रमाणपत्र जरूर पाहा; परंतु तेथे त्यांनी काय करून पाहिले, हेही आवर्जून विचारा, एवढीच माझी विनंती आहे.