पियानोवरची लहान रचना



आम्ही पियानोवर बोलणार हे ऐकून पुष्कळांना हसू आले असेल. आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर बोलण्यात गेले. शाळा सातवीतच सुटली. पण आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीला या वाद्याची ओढ लागली, तेव्हा बाप म्हणाला, "आपल्यासारख्यांचं नव्हे ते." तो शब्द आम्हांला बोचला. म्हणून आम्ही ऐकू लागलो, वाचू लागलो.

पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते. निघालेला स्वर लगेच विरू लागतो. त्यावर मींड घेता येत नाही. मग रचनाकाराने करावे काय? एकच कल्पना घ्यावी, उजव्या हाताने मांडावी, डाव्याने तिला आधार द्यावा, किंचित बदलून ती पुन्हा आणावी आणि थांबावे. शोपँ यांच्या १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या २४ प्रेल्यूडांपैकी एक तर अवघ्या १६ छोट्या आवर्तनांत संपते. पाळी सुटताना फाटकावर बोलणाऱ्याला पाच मिनिटे मिळतात. तेथे चार मुद्दे घेणारा फसतो. न्याय तोच आहे.

अशा रचना कोणासाठी झाल्या? शूमान यांनी १८४८ साली थोरल्या मुलीच्या वाढदिवसासाठी काही तुकडे लिहिले. त्यांतून ४३ रचनांचा संग्रह झाला. हंगेरीचे बार्टोक खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी टिपून घेत. त्यांनी १९२६ ते १९३९ या काळात १५३ रचना केल्या आणि त्या सोप्याकडून अवघडाकडे अशा सहा भागांत लावल्या. लंडन-पॅरिसला शिकलेल्या आपल्या मुंबईच्या वनराज भाटियांनी पियानोसाठी 'गुजराती नर्सरी' लिहिली. वाद्य परके, पण नावातच घरची बोली आहे!

भाटियांचा जन्म १९२७ सालचा. त्याच साली, २० मार्चला, आपल्या महाडात डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्यावर कोणाची मालकी नाही हे ज्या तालुक्यात ठणकावून सांगितले गेले, तेथे सुरांवर ती कशी असेल?

त्या मुलीने जुन्या कीबोर्डवर भातलावणीच्या गाण्याची चाल बसवली आहे. शेवट तिला अजून साधलेला नाही. पण बाप पाळीवरून आला की दाराशी उभा राहून ऐकतो. आम्हांला एवढेच सांगायचे होते.