फाशांचे गणित

सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ होय, असा निर्णय न्यायालयाने १९६७ साली दिला. फाशांपुढे मात्र स्मरणशक्तीचा काही उपयोग नाही.

‘क्रॅप्स’ या पाश्चात्त्य जुगारात दोन फासे टाकतात. त्यांचे दान ३६ प्रकारांनी पडते. त्यांत १२ एकाच प्रकाराने. तेव्हा १२ वर लावलेल्या रुपयाला ३५ रुपये मिळणे न्याय्य. जुगारगृह बहुधा ३० देते. ७ हे दान ६ प्रकारांनी पडते. तेथे ५ हवेत, मिळतात ४. म्हणजे रुपयामागे सरासरी पहिल्या पैजेत १४ आणि दुसरीत १७ पैसे जातात. याच खेळातील साध्या मुख्य पैजेत दीड पैसाही जात नाही!

बराच वेळ १२ पडले नाही, आता पडेलच, असे मन सांगते. आणि माणूस घरखर्चाचे पैसेही पुढे सारतो. पण फाशाला मागचे दान आठवत नाही. अशा खेळातले हरणे दैवात नव्हे, दरातच लिहिलेले असते.