सव्वातीन वाजता आलेले सैन्य

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कुठल्या तरी देशात यादवी माजते, बाहेरचे सैन्य उतरते, निळ्या टोप्यांची शांतिसेना येते. अशा बातम्या आपण जेवता जेवता ऐकतो आणि विसरतो. उमरग्याच्या माणसाने मात्र त्या जरा कान देऊन ऐकाव्यात, कारण हे सगळे आपल्या वेशीतून गेलेले आहे.

1948 साली सोलापूर भारतात होते आणि उमरगा निजामाच्या राज्यात. मध्ये सरहद्द होती. नोव्हेंबर 1947 मध्ये भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला, पण गावोगावी काहीच जैसे थे राहिले नाही. कासीम रझवी हा लातूरला वकिली केलेला माणूस रझाकारांचा पुढारी झाला. लूट, जाळपोळ, खून रोजचेच झाले. मे महिन्यात बीदरकडच्या गोरट्याला मोठे हत्याकांड झाले. कितीतरी कुटुंबे घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे गेली, आणि त्याच बाजूच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसची तरुण मुले हत्यारे घेऊन आत येत. याला यादवी म्हणायचे नाही तर काय?

13 सप्टेंबरला पहाटे भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने शिरल्या. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच त्यांनी ताब्यात घेतला. हा पूल गेला असता तर पावसाळ्यात पुढची वाट अवघड होती. लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी फुगलेल्या नदीमुळे अडकलीच. नळदुर्गानंतर जळकोट, आणि दुपारी सव्वातीन वाजता चिलखती गाड्यांचा ताफा उमरग्यात. सरहद्दीपासून साठेक किलोमीटर आत! रझाकारांचा प्रतिकार फार टिकला नाही. फौजेने रात्री इथे तळ दिला आणि दुसऱ्या दिवशी राजेश्वरकडे कूच केले. 17 तारखेला संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली.

ही फौज परकी होती का? निजाम सरकारचे म्हणणे तसेच होते. त्यांनी ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार धाडली होती आणि सुरक्षा परिषदेत पॅरिसला 16 सप्टेंबरला ती चर्चेला आली. म्हणजे उमरग्यातून रणगाडे पुढे जाऊन दोन दिवस झाल्यावर. भारत सरकारने तर या मोहिमेला लढाई म्हटलेच नाही, 'पोलीस कारवाई' म्हटले. आपल्याकडे जुनी माणसे जन्मसाल सांगतानाही 'पोलीस ॲक्शनच्या आधी दोन वर्सं' असे सांगत. रझाकारांच्या भीतीने रात्री जागून काढणाऱ्यांना ही फौज परकी वाटली नाही, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ती आली नसती तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. मी शाळेत इतिहास शिकवत असे. सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर वर्गात पुढचा भागही सांगायचा, असा माझा रिवाज होता. रझाकार पळाले, पकडले गेले, आणि त्यांचा सूड ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमान शेतकरी, कारागीर, दुकानदारांवर उगवला गेला. एकदा एका मुलाने विचारले, "सर, मग आपली मिल्ट्री कुठं होती?"

प्रश्न अगदी नेमका होता. मिल्ट्री हैदराबादच्या रस्त्यावर होती. तिला राजधानी गाठायची होती आणि ती तिने पाच दिवसांत गाठली. मागे राहिलेल्या खेड्यांत जुना अंमल संपला होता आणि नवा बसायचा होता. या मधल्या दिवसांत माणसे मेली. 1987 साली आपले सैन्य शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेले, तिथेही गाव घेणे आणि गावात शांतता राखणे ही दोन वेगळी कामे निघाली, आणि अकराशेहून अधिक जवान परत आले नाहीत.

पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात ते गावोगाव हिंडले. त्यांचा अंदाज असा की, संस्थानात निदान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली. सर्वांत वाईट चार जिल्ह्यांत त्यांनी आपल्या उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घेतले. बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. सैन्याची शिस्त एकंदरीत चांगली होती असे त्यांनी लिहिले, पण काही ठिकाणी जवानांनी लुटीला चिथावणी दिली, असेही लिहिले. अहवाल कितीतरी वर्षे दप्तरात पडून होता. 2013 च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळू लागला. इतकी वर्षे तो दडवून कोणाचे भले झाले, मला कळलेले नाही.

त्या मुलाला मी अहवालातली आणखी एक नोंद सांगितली. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना जमावापासून वाचवले, त्यात त्यांच्यातले काही जण जिवाला मुकले. पळवून नेलेल्या बायकांना परत आणायलाही कितीतरी हिंदू पुढे झाले. त्यांच्याजवळ ना रणगाडे होते, ना कोणाचा हुकूम. मुलगा म्हणाला, "हे पुस्तकात का नाही, सर?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.