ब्राह्मी : एक नाव, दोन वनस्पती

परीक्षांचे दिवस जवळ आले की मराठी घरांतून ब्राह्मीची आठवण निघते. कोणी तिचे तेल मुलांच्या डोक्याला चोळते, कोणी पानांचा रस दुधातून देते. परंतु ज्या पानांवर एवढा भरवसा ठेवावयाचा, ती पाने नेमकी कोणत्या वनस्पतीची, हे क्वचितच विचारले जाते.

महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मिळते ती वस्तुतः मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा. ओलसर जमिनीवर ती पसरते. तिचे पान वाटोळे, देठाशी खाचलेले व कडांना दातेरी असते. फुले इतकी बारीक की सहसा दृष्टीस पडत नाहीत. कर्नाटकात तिलाच ओंदेलग म्हणतात व तिची तंबळी करतात. बंगालात ती थानकुनी होते. केरळातील ब्राह्मी मात्र निराळी. तिची पाने लहान, मांसल, समोरासमोर जोडीने येणारी. फुले पांढरी किंवा फिकट जांभळी आणि चव अतिशय कडू. पहिली कोथिंबिरीच्या कुळातील, तर दुसरी इसबगोलाच्या.

प्राचीनांनी हा भेद पाळला होता. चरकसंहितेत मेध्य रसायन म्हणून मंडूकपर्णीचा स्वरस सांगितला आहे, तर अपस्माराच्या चिकित्सेत ब्राह्मीघृत येते. भारताच्या आयुर्वेदीय औषधिकोशानेही दोन्ही नावे स्वतंत्र ठेवली आहेत. आधुनिक प्रयोगांत कडू ब्राह्मीचे अर्क सुमारे 12 आठवडे दिल्यावर स्मरणात माफक सुधारणा आढळली. कारिवण्याची ख्याती मुख्यतः जखमा भरून येण्याविषयी आहे. तेव्हा एकीचा गुण दुसरीच्या पदरी घालणे योग्य नव्हे.

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची. पाणथळ जागी वाढणारी ब्राह्मी पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू शोषून घेते. म्हणून शहरातील नाल्याच्या काठी ती कितीही टवटवीत दिसली तरी खुडू नये. स्वच्छ पाण्यावर, घरच्या कुंडीत लावलेली बरी. त्याचप्रमाणे अपस्माराच्या रोग्याने ब्राह्मीच्या भरवशावर चालू औषध बंद करणे धोक्याचे आहे.

वनस्पतीवरील श्रद्धेला तिच्या ओळखीची जोड हवी. ती असली, तरच आजीच्या हातचा तो कडू घोट खऱ्या अर्थाने औषध ठरेल.