स्मृतीचे जतन : छायाचित्र, पत्र आणि मुखोद्गत इतिहास

मठाचा वर्धापनदिन हा स्मरणाचा दिवस. गुरुपरंपरेचा उच्चार होतो तेव्हा एकामागून एक नावे मुखातून उमटतात आणि प्रत्येक पिढी ती पुढच्या पिढीच्या स्वाधीन करते. परंपरा टिकते ती अशा हस्तांतराने. परंतु ज्या गावांतून भक्तमंडळी मठाच्या दारी आली, त्या गावांचा इतिहास असा कोणी पाठ करून ठेवीत नाही. तो भिंतीवरच्या तसबिरीत, ट्रंकेतल्या जुन्या कार्डांत आणि घरातील वृद्धांच्या जिभेवर असतो. आणि ही तिन्ही स्थाने नाशवंत आहेत.

गोव्याच्या सांगे तालुक्यातील कुर्डी गावाचे उदाहरण घ्यावे. भातशेती, माड, काजू, आंबे, फणस यांनी समृद्ध असे हे गाव. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावी झाला. साळावलीचे धरण बांधावयाचे ठरले तेव्हा ग्रामस्थांना वाडें व वालकिणी येथे नवी वसाहत मिळाली आणि १९८६ च्या सुमारास कुर्डी पाण्याखाली गेली. त्या पाण्याने दक्षिण गोव्यातील असंख्य घरांची तहान भागते, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर उकलून, दुसरीकडे नेऊन, पुन्हा उभारण्यात आले. मंदिराचे दगड हलविता आले. परंतु विहिरीवर जाणारी पाऊलवाट, शेताच्या प्रत्येक तुकड्याचे वेगळे नाव, वाड्यावाड्यांतील नातीगोती ही कोणत्या गाडीत घालून हलवावयाची?

मे महिन्यात पाणी ओसरते आणि कुर्डी काही दिवस वर येते. जुने ग्रामस्थ सोमेश्वराच्या देवळाशी जमतात, उत्सव करतात; ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाचे फेस्त साजरे करतात. दिसतात ती केवळ जोती, पडक्या भिंती आणि माडांचे वठलेले बुंधे. हे जोते कोणाच्या घराचे, हे बोट दाखवून सांगू शकतो तो केवळ तेथे वाढलेला मनुष्य. गाव सोडताना जो वीस वर्षांचा होता, तो आज साठीच्या घरात आहे. ज्यांनी तेथे संसार केले, त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे. पाणी दरवर्षी ओसरेल. सांगणारे मात्र दरवर्षी भेटतील असे नाही. प्रश्न निकडीचा आहे तो यामुळेच.

अशा वेळी पहिला आधार छायाचित्राचा. आपल्याकडे ही कला लवकर रुजली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्याशी निगडित होते. इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना उत्तेजन दिले, आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना आपल्या पदरी ठेविले. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली मिळविल्या, म्हणून त्या वाचल्या. परंतु राजवाडे व उमराव यांच्या चित्रांना असे रक्षक लाभतात. मुंजीतील, पालखीतील वा पाटावर बसलेल्या आजीच्या चित्राला घरच्यांवाचून दुसरा रक्षक नाही.

शिवाय छायाचित्र मुके असते. ते चेहरा दाखविते, नाव सांगत नाही. मठाच्या एखाद्या उत्सवाचे समूहचित्र पाहावे : पहिल्या रांगेतील चार नावे ठाऊक असतात, मागची रांग अनामिक असते. स्त्रियांच्या बाबतीत तर नोंद असलीच तरी पतीच्या नावाने. त्यांचे स्वतःचे नाव व माहेरचे गाव चित्राच्या पाठीवर क्वचितच आढळते. ते ठाऊक असणारी एखादी वृद्धा घरात असेल, तर तिला विचारण्यास आजचाच दिवस योग्य होय.

दुसरा आधार पत्राचा. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले ते १ जुलै १८७९ रोजी, पाव आणा किमतीस. इतक्या स्वस्त साधनाने सामान्य माणूस प्रथमच लिहिता झाला. कार्डावर मोठे राजकारण नसते. पाऊस कसा झाला, गाय व्याली की नाही, देवाला अभिषेक कधी करावयाचा, असले मजकूर असतात. परंतु तारखेचा शिक्का आणि गावाचे नाव यांमुळे तोच मजकूर इतिहासाचे साधन बनतो. गोव्यातील तिकिटे तर स्वतःच कालनिर्णय करतात : तिकिटावर रेइश वा टांगा असेल तर कार्ड सामान्यतः १९५९ पूर्वीचे, सेंताव्ह वा एश्कुद असेल तर नंतरचे, कारण त्या वर्षी चलन बदलले.

तिसरा आधार मुखोद्गत वृत्तांताचा. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध होऊ लागली. कागद पाहावयाचा तो असा दारोदार जाऊन, हा धडा त्यांनी घालून दिला. माणसाच्या आठवणीसाठीही तोच मार्ग आहे. मात्र प्रश्न विचारण्याची रीत असते. वृद्धाला सन विचारला तर तो गोंधळतो. गोवा मुक्तीच्या आधी की नंतर, थोरल्याच्या मुंजीपूर्वी की मागाहून, असे विचारले तर तो नेमके सांगतो. हाती छायाचित्र दिले तर बंद कवाड आपोआप उघडते. दोघांच्या सांगण्यात भेद पडला तर दोन्ही वृत्तांत वेगवेगळे लिहून ठेवावेत. एकाने दुसऱ्याला दुरुस्त करू नये. सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी, आणि तो जे खाजगी ठेवू इच्छितो ते खाजगीच राहू द्यावे.

जतनाचे नियम अवघड नाहीत. चित्राच्या पाठीवर शाईने लिहू नये. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नाव, गाव व प्रसंग लिहावा. चित्र डिंकाने चिकटवू नये, प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बुरशी, कसर व वाळवी हे तीन शत्रू. म्हणून भिंतीला टेकलेले कपाट टाळावे आणि कोरड्या ऋतूत संग्रह उघडून पाहावा. आता यंत्राने प्रतिकृती काढणे सुलभ झाले आहे. तथापि प्रतिकृती झाली म्हणून मूळ चित्र टाकून देणे ही चूक होय. प्रतिकृतीही दोन ठिकाणी ठेवावी, एक घरी आणि एक संस्थेत.

भक्तजनहो, उत्सव आटोपून घरी परतल्यावर एवढेच करावे : एक जुने छायाचित्र खाली काढावे, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे, आणि त्यातील प्रत्येकाचे नाव विचारून लिहून ठेवावे. ज्या गावावर पाणी चढले त्याची नावेही बुडू न देणे एवढे सामर्थ्य एका पेन्सिलीत निश्चित आहे. पूर्वजांच्या ऋणाची फेड दानधर्माने होते, तशीच ती त्यांचे नाव राखण्यानेही होते.